दुसऱ्यांदा विचारल्यावर

कुमुदमावशी,

गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं अशी आपल्याकडे रीत आहे आणि तुम्हाला ती मान्य नव्हती. कुणावरचा मृत्युलेख वाचून तुम्ही चष्मा काढायचात आणि म्हणायचात, "या गृहस्थांना मी ओळखत होते. हे दुसऱ्याच कुणाबद्दल लिहिलंय." म्हणून तुमचा जन्म कुठला, सिंगापुरातल्या तांजोंग पगारच्या बँकेत तुम्ही किती वर्षं हिशेब तपासलेत, नागरिकत्व कधी घेतलंत, हे मी लिहिणार नाही. ते इथल्या मराठी मंडळाच्या शोकसभेत वाचून झालं. तिथे तुम्हाला प्रेमळ म्हणाले. मनमिळाऊही म्हणाले. प्रेमळ होतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळ्यांचे हात वर जातात त्या सभेत हात मांडीवर ठेवून बसणारी बाई मनमिळाऊ असेल, तर त्या शब्दाचा अर्थ मला कुणीतरी नीट समजावून सांगायला हवा.

आंग मो किओच्या तुमच्या फ्लॅटमधली खोली मी घेतली ती माझी कंपनी तिथून चालत जाण्याजोगी होती म्हणून. यंत्रांसोबत जी माहितीपुस्तकं येतात आणि जी कुणी वाचत नाही, ती लिहिणं हे माझं काम. पहिल्याच रविवारी तुम्ही विचारलंत, घरी कोण काय करतं. मी म्हटलं, मिरजेला वडिलांचा छापखाना आहे, पोटासाठी लग्नपत्रिका छापतात आणि मनासाठी पत्रकं. गिरणीची, धरणाची, बससेवा बंद पडली त्याची, कुणाच्या तरी अटकेची. मला अक्षरओळख झाली ती त्याच कागदांवर; माझा 'अ' अननसाचा नव्हता, अन्यायाचा होता. तुम्ही हसलात आणि त्या दिवसापासून मला पत्रकवाली म्हणायला लागलात. भाजी आणायला सांगतानासुद्धा. "पत्रकवाले, खाली मार्केटात जातेस तर कोथिंबीर बघ."

तुम्ही स्वतःला उदारमतवादी म्हणवायचात. आमच्या घरी तो शब्द शिवीसारखा वापरत. मी तुम्हाला तोंडावर सांगितलं होतं, की उदारमतवादी म्हणजे घराला आग लागली तरी दोन्ही बाजू ऐकून घेणारी माणसं. तुम्ही कणीक मळत होतात. मान वर न करता म्हणालात, "ऐकते की. पाणी ओतता ओतता ऐकते."

आपलं भांडण तिथे सुरू झालं. ते संपलेलं नाही, आणि माझी त्यातली बाजू मी अजून सोडलेली नाही. हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही गेलात म्हणून मी हरले असा कुणाचा समज व्हायचा.

भांडण कशावरून, ते इतरांना सांगायला हवं.

सार्सच्या साथीच्या पुढल्या वर्षीचा गणपती. टॅम्पिनीसमधलं भाड्याचं सभागृह. पहिल्या दिवशीच्या नैवेद्याच्या मोदकांचा मान दरवर्षी एका घराकडे जातो, हा मंडळाचा जुना प्रघात. मोदक घरच्या बाईने आंघोळ करून, सोवळ्यात, स्वतः वळायचे. हे कुठे लिहिलेलं नाही, पण सगळ्यांना पाठ आहे. आता इथल्या घराघरांत एक फिलिपिनो किंवा इंडोनेशियन बाई राहून काम करते. तीच खोबरं खवते, तीच उकड काढते, मळते, पात्र लावते. फक्त नैवेद्याच्या दिवशी ती नसते. म्हणजे असते, पण ती आहे हे कुणी बोलत नाही. पुण्यामुंबईची शिकलेली, बँका आणि संगणक चालवणारी शेकडो माणसं वर्षातून एक सकाळ मिळून हे न बोलण्याचं काम करतात आणि ते छान पार पडतं.

त्या वर्षी मान केतकीकडे होता. टॅम्पिनीसला राहणारी, पुण्याहून नुकतीच आलेली, एका बँकेत नोकरी. नवरा मंदार एम्प्लॉयमेंट पासवर, म्हणजे नोकरी गेली की देश सोडायचा, आणि तो ज्या विभागात होता त्याचे प्रमुख सबनीस. हेच सबनीस मंडळाचे अध्यक्ष. त्यांची बायको उषाताई तुमची पंचवीस वर्षांची मैत्रीण. सिंगापुरात तुम्ही दोघी नव्या होतात तेव्हा एका रेल्वे पासवर नव्हे, पण एका छत्रीत हिंडलेल्या, असं तुम्हीच सांगायचात.

आरती झाली, प्रसाद वाटला गेला. उषाताईंनी मोदक तळहातावर धरून उजेडात फिरवला.

"केतकी, मुखऱ्या बघा हिच्या. माझ्या सासूबाईंच्या हातच्या अशा असायच्या. कुणाकडे शिकलीस गं?"

"मला कुठे जमतात, काकू. मी वळले ते सगळे फुटले," केतकी म्हणाली. "हे सुमियातीने केलेत."

दोघी-चौघी हसल्या. त्यांना वाटलं विनय आहे.

"सुमियाती कोण?"

"आमच्याकडे काम करते ती. तिच्या गावाकडेही असंच करतात म्हणे. तांदळाची पारी, आत नारळ आणि ताडाचा गूळ. मी नुसतं दाखवलं, आणि तिने धडाधड वळले."

मग कुणी हसलं नाही. सुमियाती जावाची, मुसलमान, डोक्याला रुमाल बांधून दाराशी इतर कामवाल्या बायकांबरोबर चपलांच्या रांगेजवळ बसलेली. काही ताटल्या हळूच खुर्चीखाली गेल्या. एक आजोबा मात्र खात राहिले. सुनेने कोपराने ढोसलं तर म्हणाले, "ज्याच्यासाठी केले त्याने खाल्ले. मी काय त्याच्याहून सोवळा?"

सबनीस आले. ते वाईट माणूस नाहीत, हे तुम्ही मला इतक्यांदा ऐकवलंय की मीही आता तसंच लिहिते. आवाज न चढवता, समजुतीने ते म्हणाले, "केतकी, तसं नसेल. तिने नारळ खवला असेल, भांडी घासली असतील. मोदक वळलेस तूच. असंच ना?"

दार उघडून दिलं होतं त्यांनी. नुसतं बाहेर पडायचं होतं. मंदारने तर पाऊलही टाकलं: "हो सर, तिला तेच म्हणायचंय—"

"नाही, काका," केतकी म्हणाली. "सारण मी केलं. वळले तिनेच."

उषाताई दाराशी गेल्या. सुमियातीला इंग्रजीत विचारलं, तू नुसती मॅडमला मदत केलीस, हो ना? सुमियातीने एकदा केतकीकडे पाहिलं, मग उषाताईंकडे.

"आय मेक, मॅडम. वॉश हँड फर्स्ट."

तुम्ही तुमचा मोदक संपवलात आणि उठून दुसरा घेतलात. त्या दिवशी तुम्ही एवढंच केलंत.

घरी परतताना बसमध्ये मी पेटले होते. सगळ्या सभागृहाला सुनावायला हवी होती ती वाक्यं मी तुम्हाला ऐकवत होते आणि पुढच्या सीटवरची चिनी आजी मागे वळून वळून बघत होती. मी म्हटलं, केतकीचं काय कौतुक, तिला कळलंच नाही ती काय बोलतेय, हा भाबडेपणा आहे. तुम्ही खिडकीबाहेर बघत होतात.

"पहिल्यांदा बोलली तो भाबडेपणा," तुम्ही म्हणालात. "सबनीसांनी विचारलं तोवर तिला सगळं कळलं होतं. तिने मंदारचा चेहरा पाहिला होता. पहिलं उत्तर कुणीही देतं गं. शहाणं माणूस दुसऱ्यांदा विचारतं, ते आपण बदलावं म्हणूनच विचारतं. तेव्हा जे माणूस तेच उत्तर देतं, ते बघून ठेवावं."

"आणि सुमियाती?"

"तिला तर एकदाच विचारलं, आणि पळवाट प्रश्नातच घालून. तिचं सगळ्यात अवघड."

त्यानंतर धैर्य या विषयावर आपण खूप बोललो. मला मोर्चे आठवायचे, तुरुंगात गेलेले वडिलांचे मित्र आठवायचे. तुम्ही त्यांना कमी लेखलं नाहीत कधी. पण तुमचा एक हट्ट होता. धाडस किती मोठ्याने झालं हे बघू नये, त्या माणसाचं काय जाऊ शकत होतं ते बघावं. मी म्हटलं, मंदारची नोकरी गेली नाही, पासही गेला नाही, सबनीसांनी त्याला पुढच्या वर्षी बढती दिली. मग केतकीने गमावलं काय? तुम्ही म्हणालात, "गेलं नाही हे तुला आज माहीत आहे. तिला त्या दिवशी कुठे माहीत होतं?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

पण सभेबद्दल मात्र आहे.

पुढच्या रविवारी सबनीसांच्या कॉन्डोमधल्या खालच्या हॉलमध्ये सभा भरली. काचेपलीकडे तरणतलाव, पोरं उड्या मारताहेत, आणि अलीकडे आपण पावित्र्यावर बोलतोय. ठराव असा होता, की यापुढे नैवेद्य घरच्या बाईनेच करावा, कामवाल्या बायकांना उत्सवात सभागृहात आणू नये, आणि झाल्या प्रकाराबद्दल केतकीने माफी मागावी.

केतकी म्हणाली, "मी खोटं काय सांगितलं ते दाखवा. मागते."

उषाताईंच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खरं पाणी होतं, हेही लिहायला हवं. त्या म्हणाल्या, "इतक्या लांब येऊन आपण सगळंच सोडलं. कपडे सोडले, भाषा पोरांनी सोडली. ही एक सकाळ आम्ही सांभाळली. तेवढीही नको?" नंतर तुम्ही म्हणालात, "उषाचं चुकतंय, पण ती खोटं बोलत नाहीये." माझ्या वडिलांच्या छापखान्यात अशा वाक्याला अक्षरांचे खिळेच सापडले नसते.

मग तुम्ही उठलात. "मोदकांचा मान माझ्याकडे होता त्या वर्षी माझा खांदा धरला होता. तेव्हा माझ्याकडे कामाला ग्लोरिया होती. उकड तिने मळली, निम्मे मोदक तिनेच वळले. मी ते कुणाला सांगितलं नाही. माफीच घ्यायची असेल तर आधी माझी घ्या, मी वयाने मोठी आहे. आणि इथल्या बऱ्याच..."

तिथे तुम्ही थांबलात. तुमची नजर उषाताईंवर होती. त्यांची जमिनीवर.

मी तुमच्या शेजारी बसले होते आणि मला माहीत होतं तुम्ही कुठे थांबलात. केतकीच्या आदल्या वर्षी नैवेद्य उषाताईंकडे होता. आपण दोघी हळदीची पानं द्यायला सकाळीच त्यांच्या घरी गेलो, तर त्यांच्याकडची रोवेना कोपरापर्यंत उकडीत, आणि उषाताई, पायाशी त्यांचा कुत्रा, स्टुलावर बसून "सॉफ्टर, रोवेना, सॉफ्टर" म्हणत होत्या. तुम्ही हे एक वाक्य उच्चारलं असतं तर ठराव तिथेच पडला असता. तुम्ही नाही उच्चारलंत. "माझं एवढंच," म्हणून खाली बसलात.

हात वर गेले. तुमचा, माझा, केतकीचा खाली राहिला. मंदारचा कोपरापर्यंत वर गेला आणि तिथेच हवेत राहिला. तो कशात मोजला कोण जाणे. माफीचं कलम तेवढं गळलं, कारण तुमची माफी घ्यायला कुणी धजावेना. बाकी ठराव मंजूर झाला.

"का नाही बोललात?" मी बस स्टॉपवर विचारलं.

"ते उषाचं सांगणं होतं. माझं नव्हे."

"ती सांगणार नाही."

"मग नाही सांगणार."

"आणि तोवर ठराव राहणार."

"राहील."

"ही मैत्री झाली, मावशी. हा न्याय नाही."

"असेल," तुम्ही म्हणालात. "पण मी माझं उघड करू शकते. दुसऱ्याचं उघड करून मी जिंकले, तर मग मी फक्त जिंकले."

मला तेव्हा हे सुंदर वाक्य वाटलं होतं आणि सुंदर वाक्यांचा मला संशय येतो. तुमच्या त्या एका गप्प राहण्याने तो नियम पुढे राहिला आणि दाराशी बसणाऱ्या बायका त्यानंतर दाराशीही आल्या नाहीत. तुमचं सौजन्य उषाताईंना मिळालं, त्याची झळ त्या बायकांना लागली. हे मी तुम्हाला त्या वेळी सांगितलं, पुढेही सांगितलं, आणि तुम्ही दर वेळी म्हणालात, "हा मुद्दा आहे." मान्य आहे, असं मात्र कधी म्हणाला नाहीत.

त्याच आठवड्यात मंदार आला. वर आला नाही. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर बसला आणि तुम्हाला फोन केला. आपण दोघी खाली गेलो.

"मावशी, सर काही बोलले नाहीत. पण सुमियातीला आता परत पाठवावं असं वाटतंय."

"काही बोलले नाहीत ना?"

"नाही."

"मग 'पण' कुठून आला?"

त्याने मान खाली घातली. "मला भीती वाटते, मावशी. खरं सांगतो. रोज त्यांच्यासमोर बसायचं असतं."

मी तोंड उघडणार होते, तुम्ही माझ्या दंडावर हात ठेवलात. मग त्याला म्हणालात, की अलीकडे तुमचे गुडघे फार दुखतात, घरात कुणीतरी हवंच आहे, तिची बदली तुमच्याकडे करून देतोस का. तुमचे गुडघे. ज्या बाईने आदल्या दिवशी लिफ्ट बंद म्हणून तांदळाची पिशवी जिन्याने वर आणली होती तिचे. त्याचा चेहरा असा सुटला, की मला त्याचा राग धरता येईना. केतकी नंतर रडत आली तेव्हा तुम्ही तिला चहा दिलात आणि म्हणालात, "तुझ्या वाट्याचं तू केलंस. नवऱ्याच्या वाट्याचं बायकोला करता येत नाही, कितीही मनात असलं तरी."

सुमियातीला मात्र तुम्ही समोर बसवून नीट विचारलंत. गावी जायचंय, की दुसरं घर शोधायचंय, की इथे यायचंय. कुत्र्याची लाळ तिच्या धर्मात विटाळ; तिने फ्लॅटभर नजर फिरवली.

"आँटी, यू गॉट डॉग?"

"नो डॉग."

"ओके लाह. आय कम."

मी त्या दरम्यान एक पत्रक लिहिलं होतं. चांगलं होतं ते, वडिलांनाही आवडलं असतं. त्यात सोवळं होतं, वर्ग होता, धर्म होता, तरणतलाव होता. दिवाळीच्या कार्यक्रमाला सभागृहाच्या दाराशी वाटायचं असा बेत होता. तुम्ही ते टेबलाशी बसून शेवटपर्यंत वाचलंत.

"आवाज चांगला आहे," तुम्ही म्हणालात. "यात सुमियातीचं नाव आहे, गाव आहे, ती कुणाकडे काम करते तेही आहे. तिला विचारलंस?"

"तिच्याच बाजूने लिहिलंय."

"ते दिसतंय. विचारलंस का?"

मी म्हटलं, अशाने कुठलंच पत्रक निघणार नाही. तुम्ही म्हणालात, या देशात असे कागद वाटताना पकडलं तर तुझा पास जाईल, तू मिरजेला जाशील, ते तुझं धाडस, मी अडवणार नाही. पण चौकशी तिच्यापर्यंत गेली आणि तिचं परमिट गेलं, तर ते धाडस कुणाचं? "दुसऱ्याच्या जिवावर शूर होऊ नये, पत्रकवाले."

पत्रक निघालं नाही. माझे वडील म्हणतात, ज्याचं पत्रक निघत नाही ते घडलेलं लोक विसरतात. झालंही तसंच. मंडळ विसरलं. ठराव कुणी मागे घेतला नाही. हळूहळू नैवेद्याच्या वेळी कुणी काही विचारेनासं झालं, इतकंच. मी याला ढोंग म्हणायची. तुम्ही म्हणायचात, "चालीरीती अशाच मरतात. त्यांचं तेरावं कुणी घालत नाही." मी म्हणायची, तेरावं न घातलेल्या चालीरीती मानगुटीवर बसतात. यावर तुम्ही खूप हसला होतात. त्या हसण्यासाठी मी अधूनमधून वाद उकरून काढायची, हे तुम्हाला कळत असावं.

उषाताई मात्र आपल्याकडे यायच्या थांबल्या. दर दिवाळीला तुम्ही फोन करायचात. त्या बोलायच्या, नीट, विचारपूस करून, दोन मिनिटं. फोन ठेवल्यावर तुम्ही बाल्कनीतल्या कढीपत्त्याला पाणी घालायला जायचात, सकाळी घातलेलं असलं तरी. हे धाडसाच्या हिशेबात कुठे धरायचं ते तुम्ही मला सांगितलं नाहीत. सभेत विरोध करायला काय लागतं ते मला माहीत होतं. पण त्यानंतर घरात बसून, ज्या माणसाने आपल्याला टाकलं त्याच्याबद्दल वर्षानुवर्षं वाईट न बोलायला काय लागतं, ते मी तुमच्याकडे पाहिलं. तेव्हा मला ते मवाळपणाचं वाटायचं. आता वाटत नाही. एवढंच कबूल करते, याहून जास्त नाही.

माझी कंपनी पुढे बेटाच्या दुसऱ्या टोकाला गेली. मी खोली सोडली नाही. तुम्ही कारण विचारलं नाहीत, मी सांगितलं नाही.

तुम्ही गेलात ते अगदी साध्या सकाळी, चहा गाळताना. सुमियातीने अँब्युलन्स बोलावली, मला ऑफिसात फोन केला, आणि तुमचं डोकं मांडीवर घेऊन बसून राहिली. टोरांटोहून तुमचा मुलगा नितीन आला. मंडाईच्या स्मशानात विद्युतदाहिनीत सगळं झालं, मंत्र न म्हणता, तुम्ही सांगितल्याप्रमाणे. नितीन भला मुलगा आहे, पण त्याला रजा थोडी होती आणि आवरायचं खूप. फ्लॅट विकायचा, माझी सोय बघायची, आणि सुमियाती. मालकीणच राहिली नाही म्हणजे तिचं परमिट संपणार. एजन्सीने सांगितलं, दुसरं घर लगेच मिळालं तर ठीक, नाहीतर तिकीट. नितीन म्हणाला, "तिकीटच काढतो. सोपं पडेल." मी केतकीला फोन केला, ते दोघं तोवर हाँगकाँगला गेले होते. मी ओळखीत विचारत सुटले. ज्या घरी विचारलं त्या घरी म्हणाले, बघू.

दोन दिवसांनी दुपारी बेल वाजली. उषाताई होत्या, हातात पिठलंभाताचा डबा. मंडळातल्या आणखी तिघी बरोबर. ज्या घरी माणूस जातं तिथे चूल पेटवायची नसते म्हणून शेजारपाजारचे पिठलंभात आणतात, ते. चार वर्षांनी त्या या घरात येत होत्या. तुमच्या खुर्चीकडे त्यांनी पाहिलं आणि पलीकडच्या खुर्चीवर बसल्या. मी मनात सगळी वाक्यं जुळवून ठेवली होती. इतकी वर्षं धार लावलेली.

सुमियातीने ताटं मांडली. उषाताई तिच्याकडे बघत होत्या. मग त्या तिघींना उद्देशून, पण मान खालीच ठेवून म्हणाल्या, "आमच्याकडे नैवेद्य होता ना, त्या वर्षी उकड रोवेनाने मळली होती. घरच्या गणपतीलाही दरवर्षी तीच मळायची. कुमुदने स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं होतं. सभेत ती बोलली नाही."

एकीने पाण्याचं भांडं उचललं आणि न पिता ठेवलं.

"ती बोलली असती तर मला तिचा राग धरता आला असता," उषाताई म्हणाल्या. "तीही सोय ठेवली नाही तिने."

मग त्या सुमियातीकडे वळल्या. रोवेना वर्षापूर्वी गावी गेली होती. त्यांनी इंग्रजीत सांगितलं, माझ्या घरी ये, नितीनशी मी बोलते, बदलीचं सगळं आम्ही करू. अध्यक्षांच्या घरी, मावशी. मंडळातल्या तिघींच्या देखत. ज्या स्वयंपाकघरासाठी तो ठराव झाला होता त्याच स्वयंपाकघरात. माझ्या डोळ्यांपुढे लेखाचा शेवट अक्षरन् अक्षर उभा राहिला. तुम्ही बरोबर होतात, मी चुकले होते, न्याय उशिरा का होईना पण पिठलंभात घेऊन आला.

सुमियातीने पळी खाली ठेवली.

"थँक यू, मॅडम. आय डोन्ट वाँट."

उषाताईंना वाटलं तिला कळलं नाही. त्या पुन्हा सांगू लागल्या.

"आय नो, मॅडम. यू व्हेरी काइंड. बट आय गो होम." तिची मुलगी आता मोठ्या शाळेत जायला लागली होती. तिला आई फोनवरची माहीत होती. आँटी होत्या तोवर आँटींना एकटं टाकायचं नव्हतं, आता आँटी नाहीत. हे सगळं तिने अगदी शांतपणे सांगितलं, जसं बाजारात आज भेंडी चांगली नव्हती म्हणून आणली नाही असं सांगायची. मग उषाताईंचा चेहरा बघून तिला वाईट वाटलं असावं. म्हणाली, "अँड मॅडम, युवर हाउस गॉट डॉग."

उषाताई हसल्या. मग रडल्या. मी कुठलंच वाक्य बोलले नाही, कारण आता त्यांचा उपयोग नव्हता. ज्या बाईसाठी मी घरोघर शब्द टाकत फिरले, नितीनने तिकीट काढायला घेतलं, उषाताईंनी मान खाली घातली, तिला काय हवंय हे त्या दुपारपर्यंत आमच्यापैकी कुणीही विचारलं नव्हतं. तुम्ही असतात तर पहिल्या दिवशी विचारलं असतंत.

ती शुक्रवारी गेली. विमानतळावर सोडायला उषाताईंची गाडी आली होती.

वाद उरतोच, मावशी. उषाताई चार वर्षांनी बोलल्या म्हणून तुमचं त्या दिवशीचं गप्प राहणं बरोबर ठरत नाही. चार वर्षं हा फार वेळ आहे, आणि त्या वेळात काही जणी चपलांजवळही बसू शकल्या नाहीत. ठराव अजून तसाच आहे. येत्या सभेत मी तो मागे घ्यायचा अर्ज देणार आहे, आवाज चढवून देणार आहे. हे तुमच्या शैलीतलं नाही. माझ्या आहे.

हा लेख छापायला देण्याआधी मी सुमियातीला तिच्या गावी फोन केला. काय लिहिलंय ते सगळं सांगितलं. ती म्हणाली, लिहा, पण माझं नाव बदला, गावचं कुणी वाचणार नाही तरी बदला. बदललं आहे. केतकीचंही, मंदारचंही, त्यांना विचारून. मग उषाताईंना फोन केला आणि रोवेनाचा परिच्छेद वाचून दाखवला. मागे सबनीस कुणाचा फोन म्हणून विचारत होते ते ऐकू येत होतं. मी म्हटलं, काकू, तुमचं नाव बदलते, सबनीसांचंही, कुणाला कळणार नाही.

"नको," त्या म्हणाल्या. "आमचं तेच राहू दे."